अस्थानीचे हास्य : दुःखी घर आणि दूरचित्रवाणीवरील विनोद

आजार, मृत्यू, बेकारी किंवा कलह यांपैकी एखादे संकट घरात ठाण मांडून बसले असता त्या घरातील माणसांनी दूरचित्रवाणीसमोर बसून हसावे की नाही, हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा वाटतो. आपल्या समाजात त्याचे उत्तरही ठरलेले आहे. सुतक असलेल्या घरात गाणेबजावणे वर्ज्य असते. घरातले माणूस अंथरुणाला खिळलेले असताना मोठ्याने हसणारा उथळ समजला जातो. शेजारी कोणी गेले तर आपल्या घरातील संचाचा आवाजही आपण कमी करतो. या संकेतांमागे दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा आदर आहे आणि तो मोलाचा आहे. परंतु अशाच घरांतून, बहुधा दार लोटून आणि आवाज बेताचा ठेवून, विनोदी मालिका पाहिल्या गेल्या आहेत व त्यांनी माणसांना धीर दिला आहे, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. हे हास्य म्हणजे दुःखाशी केलेली प्रतारणा समजावयाची काय? की दुःख सोसण्याचेच ते एक रूप आहे? प्राचीन नाट्यविचार, मराठी-हिंदी मालिकांचे स्वरूप आणि अलीकडचे मानसशास्त्रीय संशोधन यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाट्यशास्त्रातील दोन विचार

भरताच्या नाट्यशास्त्रात या विषयाशी निगडित असे दोन विचार आढळतात आणि ते परस्परांपासून बरेच दूर आहेत. पहिल्या अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना योग्य वेळी विश्रांती देणे हे नाट्याचे एक कार्य म्हणून सांगितले आहे. येथे शोकार्तांबरोबर श्रमार्तांचाही उल्लेख आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचा विचार पुढे येईलच.

दुसरा विचार हास्यरसाच्या विवेचनात येतो. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार सांगून भरताने त्यांची उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींमध्ये दोन-दोन अशी वाटणी केली आहे. यातील अपहसित हा अधम प्रकृतीचा प्रकार. जे हास्य अस्थानी, म्हणजे नको त्या ठिकाणी प्रकटते, ज्यात डोळ्यांत पाणी येते आणि खांदे व मस्तक हलू लागतात, ते अपहसित होय. दुःखी घरातील हास्याचे वर्णन करावयाचे झाले तर याहून अचूक लक्षण सापडणे कठीण. ते अस्थानी असते आणि त्यात डोळे भरून येतात. मग ज्या शास्त्राने शोकार्ताला नाट्यातून विश्रांती देऊ केली, त्याच शास्त्राच्या लेखी त्या शोकार्ताचे हसू हीन ठरते काय?

पुढील साहित्यशास्त्राने ही अडचण वाढवलीच. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात हास्याचा भयानक व करुण यांच्याशी विरोध मानला आहे. एकाच कृतीत, एकाच पात्राच्या ठायी हे रस एकत्र आले तर ते एकमेकांना मारतात, असा त्याचा आशय. परंतु आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात या विरोधाचा परिहारही सांगून ठेवला आहे. विरोधी रसांचे आश्रय भिन्न असतील किंवा त्यांच्यामध्ये तिसऱ्या रसाचे अंतर राखले असेल, तर विरोध उरत नाही. ‘एकच प्याला’त सिंधूच्या शोकांतिकेशेजारी तळीरामाचे प्रवेश नांदतात, ते याच न्यायाने. आपल्या प्रश्नात तर भेद आणखी मोठा आहे. हास्य पडद्यावरील कुटुंबाच्या आश्रयाने प्रकटते, शोक पाहणाऱ्याच्या स्वतःच्या जीवनातला, लौकिक असतो. एक काव्यगत, दुसरा प्रत्यक्ष. तेव्हा शास्त्रातील रसविरोधाचा नियम येथे लावता येत नाही. ‘अस्थानी’ या शब्दाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ‘स्थान’च कसे बदलले ते पाहिले पाहिजे.

२. रंगमंदिरातून घरात

नाटकास जावयाचे तर घर सोडावे लागते. कपडे बदलावे लागतात, तिकीट काढावे लागते, चार माणसांत जाऊन बसावे लागते. ज्या घरात रुग्ण आहे त्या घरातील माणसाला हे शक्य नसते. आणि शक्य असले तरी ते त्याच्या मनाला रुचत नाही. म्हणजे नाट्याने ज्यांना विश्रांती द्यावयाची, नेमके तेच लोक प्रेक्षागृहापासून दूर राहतात. ग्रंथाने ही उणीव काही अंशी भरून काढली खरी. पण वाचनाला चित्ताची स्थिरता लागते आणि रात्रभर जागलेल्या माणसापाशी तीच नसते. शिवाय वाचन हा एकट्याचा व्यवहार आहे. नभोवाणीने आवाज घरात आणला. दूरचित्रवाणीने त्यापुढे जाऊन माणसांचे चेहरे आणि त्यांचे घर आपल्या घरात आणून ठेवले.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण आले. या प्रवासात नाट्याचे स्थान पालटले. ते रंगमंदिरातून निघाले आणि औषधांच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, अर्धवट घडी घातलेली अंथरुणे यांच्यामध्ये येऊन बसले. नाट्यच जेथे घरात आले, तेथे घरातील हास्याला सरसकट अस्थानी म्हणता येत नाही. भरताने प्रथम अध्यायात सांगितलेले विश्रांतीचे प्रयोजन आणि त्याचा खरा अधिकारी यांची गाठ या माध्यमाने प्रथमच घरोघरी घालून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

३. चिमणरावांचे घर

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवरून ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकार केले. या पात्रांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक होते. ज्या परंपरेत दुःख हे पहिले आर्यसत्य मानले जाते, तिच्या अभ्यासकाने मराठीला तिचे सर्वांत घरगुती विनोदी कुटुंब द्यावे, हा योगायोग मनोज्ञ आहे. या योगायोगातून सिद्धांत काढण्याचे कारण नाही. तथापि चिमणरावांच्या गोष्टी वाचताना वा पाहताना एवढे निश्चित जाणवते की, त्यांतील विनोद सुखी माणसांविषयीचा नाही. चिमणराव बेताच्या शक्तीचे, भित्रे, मध्यमवर्गीय गृहस्थ आहेत. लग्नकार्य, प्रवास, पाहुणे, मुलांची दुखणी, पैशाची ओढाताण यांतून त्यांची रोज फजिती होते. काऊ, मोरू, मैना, राघू आणि राकट, दणकट गुंड्याभाऊ या परिवारात चिमणरावांचे कोणतेही काम नीट पार पडत नाही; पण घर मात्र मोडत नाही.

दुःखी घराला दिलासा मिळतो तो येथे. कौटुंबिक विनोदी मालिकेची घडण पाहिली तर तिचे तीन विशेष दिसून येतात. पहिला म्हणजे, संकट लहान असते आणि ते सुमारे अर्ध्या तासात सुटते. दुसरा म्हणजे, माणसे बदलत नाहीत. भित्रा भित्राच राहतो, तापट तापटच राहतो आणि तरीही त्यांचे एकमेकांवाचून चालत नाही. तिसरा म्हणजे, गोष्ट जेथून निघाली तेथेच, त्याच घरात परत येते. समीक्षक या गुणांना बहुधा दोष मानतात. पात्रांचा विकास नाही, कथानकाला खोली नाही, सारे ठरीव आहे, असा आक्षेप घेतला जातो. वाङ्मयीन दृष्टीने तो बरोबरही असेल. पण ज्या घरात उद्या काय होईल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, त्या घराला ठरीवपणा ही उणीव वाटत नाही. आजाराने आणि मृत्यूने प्रथम काळाची घडी विस्कटते. जेवणाच्या वेळा मोडतात, रात्र आणि दिवस यांतील भेद पुसट होतो, ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्द उच्चारण्याचा धीर होत नाही. अशा वेळी ‘पुढच्या आठवड्यात, याच दिवशी, याच वेळी’ हे मालिकेचे वचन भविष्यकाळाचा एक लहानसा, पण भरवशाचा तुकडा माणसाच्या हाती देते.

४. महाराष्ट्राबाहेरील एक मराठी घर

मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम महाराष्ट्राबाहेरील बहुतेक मराठी कुटुंबांना दिसत नसत. १९८०च्या दशकात राष्ट्रीय प्रक्षेपणाचा विस्तार झाल्यावर त्यांच्या घरी विनोद आला तो हिंदीतून. १९८४ मध्ये सुरू झालेली ‘ये जो है ज़िंदगी’ ही त्यांतील अग्रगण्य मालिका. हिंदीतील ख्यातनाम व्यंग्यलेखक शरद जोशी यांचे लेखन, शफी इनामदार, स्वरूप संपत व राकेश बेदी यांचे कुटुंब आणि दर भागात निराळी भूमिका घेऊन येणारे सतीश शाह, असा हा संच होता. १९८८ मध्ये आलेल्या ‘वागले की दुनिया’त तर कुटुंबाचे नावच ओळखीचे होते. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन आणि अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर यांचे दांपत्य यांमुळे सामान्य कारकुनाचे ते घर देशभर आपलेसे झाले.

माझ्या आप्तांपैकी एका कुटुंबाचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. हे कुटुंब हैदराबादेत स्थायिक झालेले. १९८५च्या सुमारास घरातील कर्त्या गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवे अंग गेले. मुलाच्या नोकरीचीही त्याच सुमारास अनिश्चिती होती. ‘ये जो है ज़िंदगी’ लागण्याच्या वेळी सून संचाचा आवाज इतका कमी ठेवी की, शब्द ओठांवरून ओळखावे लागत. सासऱ्यांना त्रास होऊ नये आणि शेजाऱ्यांनी नाव ठेवू नये, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. काही आठवडे असे गेल्यावर एका रात्री सासऱ्यांनी डावा हात उचलून, बोटे फिरवून, आवाज वाढवण्याची खूण केली. सर्वांना वाटले, त्यांना संच बंद करावयास सांगायचे आहे. मुलगा उठून तो बंदही करू लागला. तेव्हा त्यांनी अशी काही जोराने मान हलवली की, सासूबाईंना हसू फुटले आणि त्यांच्या पाठोपाठ सर्वांनाच. गृहस्थांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. आजारपणानंतर त्या खोलीत सर्वजण मिळून हसल्याचा तो पहिला प्रसंग होता, असे त्या सूनबाई सांगत.

तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. त्या वारी स्वयंपाक लवकर उरकावयाचा, रुग्णाला उशीला टेकवून बसवावयाचे आणि सर्वांनी एका खोलीत यावयाचे. पुढे वर्षभराने ते गृहस्थ वारले. तेरा दिवस संचावर चादर टाकलेली होती. चौदाव्या दिवशी ती कोणी काढावी, याचा निर्णय होईना. आणखी दोन आठवडे गेल्यावर सासूबाईंनीच ती काढून घडी घातली आणि म्हणाल्या, “त्यांनी आवाज वाढवायला सांगितला होता.” यावर कोणी काही बोलले नाही.

या उदाहरणात मला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. दुःखी घरात माणसांना एकमेकांकडे पाहणे जड जाते. दुसऱ्याच्या डोळ्यांतील भीती आपल्याला दिसते आणि आपली त्याला. बोलावे तर शब्द सापडत नाहीत. उठून जावे तर ते निष्ठुरपणाचे वाटते. दूरचित्रवाणीसमोर सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात. जवळ बसता येते, पण पाहावे लागत नाही. एकत्र असता येते, पण बोलावे लागत नाही. विनोदाने हसू आले तर ते सर्वांना एकाच क्षणी येते, आणि त्याच्या आडून कोणाचे डोळे भरले तर ते कोणी विचारीत नाही. भरताने अपहसिताच्या लक्षणात अश्रूंचा समावेश केला. त्या अश्रूंना आडोसा देण्याचे कामही हेच हास्य करते.

आणि श्रमार्त? वर्षानुवर्षे रुग्णसेवा करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. तिच्या दुःखाची दखल घेतली जाते, श्रमाची क्वचितच. त्या हैदराबादच्या घरात मालिकेच्या निमित्ताने सुनेला आठवड्यातून अर्धा तास बसावयास मिळाले, कारण त्या अर्ध्या तासात कोणी काही मागत नसे. ‘विश्रांती’ या शब्दाचा अर्थ येथे अगदी शब्दशः घ्यावा लागतो.

५. संशोधनाची साक्ष

हास्य आणि व्याधी यांच्या संबंधाची आधुनिक चर्चा बहुधा अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या नावापासून सुरू होते. १९६४ मध्ये त्यांना सांध्यांचा व मणक्याचा वेदनामय विकार जडला. रुग्णालय सोडून ते एका हॉटेलात राहावयास गेले आणि ‘कँडिड कॅमेरा’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाच्या फिती व मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहू लागले. दहा मिनिटांच्या मनमुराद हसण्याने दोन तासांची वेदनारहित झोप मिळते, असा अनुभव त्यांनी १९७६ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आणि १९७९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हा एका माणसाचा अनुभव आहे. त्याच काळात ते जीवनसत्त्व ‘क’ही मोठ्या प्रमाणात घेत होते. त्यावरून हास्याने रोग बरा होतो असे अनुमान काढणे अशास्त्रीय ठरेल. वेदनेपासून काही काळ सुटका मिळते, एवढेच त्यातून निघते. आणि आपल्या विषयाला तेवढे पुरे आहे.

पुढील संशोधन अधिक काटेकोर आहे. रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत विनोदी चित्रफिती पाहून हसलेल्या माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली आढळली. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदाराच्या मृत्यूनंतर सुमारे सहा महिन्यांनी माणसांशी मुलाखती केल्या. मृत जोडीदाराविषयी बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्या ठिकाणी राग कमी आणि सुखानुभवाची क्षमता अधिक असल्याचे दिसले. हसल्यामुळे सावरले की सावरल्यामुळे हसले, याचा निर्णय अशा अभ्यासातून होत नाही. परंतु हसणे म्हणजे प्रेमाचा अभाव, हा जो लोकसमज आहे, त्याला मात्र या निरीक्षणाने छेद जातो. जे डेरिक यांच्या २०१३ मधील संशोधनात असे आढळले की, मनोनिग्रहाने थकलेली माणसे परिचित मालिकांकडे वळतात आणि त्या परिचित जगाने त्यांची शक्ती काही अंशी भरून येते. पाहिलेलीच मालिका पुन्हा पाहण्यात आळस नसून विसावा असतो, असे यावरून म्हणता येईल.

२०२० मधील महासाथीच्या टाळेबंदीत भारतात याचा प्रत्यय आला. माणसे घरात कोंडली गेली, आप्तांच्या अंत्यदर्शनासही अनेकांना जाता आले नाही. त्या काळात दूरदर्शनने पौराणिक मालिकांबरोबर ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’ या १९९०च्या दशकातील विनोदी मालिकाही पुन्हा दाखवल्या. त्यांतील विनोद अनेकांना तोंडपाठ होते. पण शेवट ठाऊक असणे हीच त्या दिवसांतील दुर्मिळ गोष्ट होती.

६. मर्यादा

सर्वच विनोद सांत्वन करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. हास्याच्या विभावांत भरताने विकृत वेष, असंबद्ध बडबड यांच्याबरोबर व्यंगदर्शनाचाही निर्देश केला आहे. दूरचित्रवाणीवरील पुष्कळसा विनोद आजही शरीराच्या व्यंगावर, लठ्ठपणावर, तोतरेपणावर उभा असतो. निरोगी घराला तो खपून जातो. ज्या घरात वाचा गेलेला माणूस बसला आहे, तेथे तोतऱ्याच्या नकलेवर कोणी हसू शकत नाही. म्हणून दुःखी घर ही विनोदाची एक कठोर कसोटी आहे, असे मला वाटते. रुग्णाच्या खोलीत ज्याला जागा मिळते, त्या विनोदात माणसाविषयी दया असते. ज्याला मिळत नाही, त्यात ती नसते. चिमणरावांची फजिती या कसोटीस उतरते, कारण तेथे हसणारा स्वतःलाच हसत असतो.

दुसरी मर्यादा माध्यमाची आहे. एका घरात एक संच होता तोवर पाहणे हा सामुदायिक व्यवहार होता. आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे आणि कानात स्वतंत्र आवाज. विनोद मुबलक झाला, परंतु सर्वांनी एका क्षणी हसण्याचा योग विरळ झाला. एकट्याने पाहिलेला विनोद मन रमवतो. मात्र एकमेकांजवळ बसण्याचे निमित्त तो देऊ शकत नाही. तिसरी मर्यादा अशी की, विश्रांती ही विश्रांतीच असते. ती उपचाराची, अर्थसाहाय्याची किंवा मोकळ्या संभाषणाची जागा घेऊ शकत नाही. शोक महिनोन्महिने माणसाला उठू देत नसेल, तर तेथे मालिकेचा नव्हे, वैद्याचा आधार शोधला पाहिजे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, दुःखी घरातील हास्यावर अनौचित्याचा जो आरोप केला जातो, तो हास्य आणि विस्मरण यांना एक मानल्यामुळे. वस्तुतः त्या घरातील कोणीही काही विसरलेले नसते. शेजारी खाट आहे, तिच्यावर माणूस आहे, किंवा आता ती खाट रिकामी आहे. हसणाऱ्याची पाठ तिच्याकडे असली तरी तिचे भान सुटत नाही. दुःख हटत नाही. ते सर्वांनी मिळून थोडा वेळ खाली ठेवलेले असते, पुन्हा उचलण्यासाठी. ओझे वाहणारा हमाल वाटेत दगडी धोंडेवर भार टेकवतो आणि घाम पुसतो, तेव्हा त्याने काम टाकले असे आपण म्हणत नाही. भरताला अभिप्रेत असलेली विश्रांती याहून निराळी नसावी. ज्या हास्याला त्याने अस्थानी म्हणून खालच्या पायरीवर बसवले, त्याच हास्याला त्याच्याच प्रथम अध्यायाच्या आधारे वरची जागा देता येते. अशा घरात कोणी हसताना दिसले तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या शेजारी जाऊन बसावे, एवढा व्यावहारिक बोध या चर्चेतून घेण्यास प्रत्यवाय नाही.